ताज्या रेघा

"…म्हणजे पडलं तरी चालतं, असंच ना?"

मृणालने कागद टेबलावर आपटला. चाचांनी मान वर केली नाही. ते चहात खारी बुडवत होते, आणि खारी मोडून कपात पडते की काय, याचीच त्यांना जास्त काळजी दिसत होती.

"विचारतेय मी, चाचा. चालतं?"

"विमान उतरलं ना?"

"उतरलं."

"मग चाललं."

"हे कॅप्टनचं उत्तर झालं. तुमचं सांगा."

चाचा गप्प.

म्हातारी माणसं गप्प बसली की लोक त्याला शहाणपण म्हणतात. मृणाल त्याला गप्प बसणं म्हणायची.

माणदेशातल्या एका उघड्या माळावर ही उड्डाणशाळा होती. एक धावपट्टी, एक हँगर, शिकाऊ वैमानिकांसाठी चार छोटी विमानं. विमानांची देखभाल इलाही मुजावर यांच्याकडे. हवाई दलात उभी हयात विमानाच्या पोटाखाली काढून निवृत्त झालेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली पोरं दूरदूर सांगत फिरायची, की चाचा नुसता पान्याचा आवाज ऐकून बोल्ट किती आवळलाय ते सांगतात.

मृणाल वाघचौरेने दोन वर्षांत तसं एकदाही पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं होतं ते एवढंच, की चाचा प्रत्येक बोल्टला दोनदा हात लावतात.

इंजिनिअरिंग कॉलेज तिने तिसऱ्या वर्षी सोडलं होतं. सरांनी पिवळ्या पडलेल्या वह्या वाचून दाखवायच्या, पोरांनी उतरवून घ्यायच्या, आणि याला शिक्षण म्हणायचं, हे तिला जमलं नाही. जाताना तिने विभागप्रमुखांना तोंडावर सांगितलं होतं, "सर, तुमच्यापेक्षा वही बरी. ती निदान पगार घेत नाही." घरी आठ दिवस कुणी तिच्याशी बोललं नव्हतं.

इथे आली ती बोल्ट खोटं बोलत नाही म्हणून.

आणि सोमवारी, दोन नंबरचं विमान आकाशात असताना, त्याच्या उजव्या चाकावरचं टोपण निखळून खाली पडलं.

फायबरचं, पांढरं, वाकून बसलेल्या बदकासारखं टोपण. चाकाभोवती वारा सरळ वाहावा म्हणून असतं. वैमानिकाला धप्प असा आवाज आला, त्याने विमान वळवलं आणि उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. टोपण कुठे पडलं, ते बघायला कुणी गेलं नाही.

आज बुधवार. कॅप्टनने पाठवलेल्या टेबलावरच्या कागदात लिहिलं होतं, की पक्षी धडकल्याने टोपण निखळले, विमानाच्या सुरक्षिततेस बाधा नाही, इतर तिन्ही विमाने उड्डाणास योग्य. खाली दोन नावं. काम करणार, मृणाल वाघचौरे. तपासणार, इलाही मुजावर. पाचच्या आत दोन्ही सह्या हव्या होत्या. सह्या झाल्या की उद्या सकाळी सातला नाशिकची एकोणीस वर्षांची एक पोरगी तीन नंबरच्या विमानात बसून आयुष्यात पहिल्यांदा एकटी उडणार होती.

"मी सही करणार नाही," मृणाल म्हणाली.

"बरं."

"बरं काय? पक्षी कुणी पाहिला? रक्त नाही, पीस नाही. आणि बोल्ट माझे होते. चारही मी आवळले होते. माझा बोल्ट ढिला होत नाही."

"होत नाही…?"

"नाही. टोपणच सदोष असणार. नाहीतर तुमची तपासणी."

चाचांनी खारीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि हात झटकले.

"रेघ कशी होती?"

"सरळ."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? रविवारी संध्याकाळी मी स्वतः फेरी मारली. चारही रेघा सरळ. लालभडक. एकदम ताज्या."

"ताज्या…"

चाचा तो शब्द पुन्हा म्हणाले नाहीत. पण तो टेबलावर चहाच्या डागासारखा राहिला.

इथे रेघेचं सांगायला हवं. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खाली, ज्यात तो बसवलाय त्या भागापर्यंत, लाल लाखेची एक बारीक रेघ ओढतात. अर्धी बोल्टवर, अर्धी खाली. बोल्ट जरा जरी फिरला की रेघ मोडते. वरचा अर्धा भाग एकीकडे बघतो, खालचा दुसरीकडे. पाना लागत नाही, यंत्र लागत नाही. नुसतं बघायचं. बालवाडीतल्या पोराला कळेल इतकं सोपं. आणि रेघ नसेल तर विमान उडत नाही, हा नियम.

मृणालला काहीतरी विचारायचं होतं, पण हँगरच्या दारात सावली पडली.

एक बाई उभी होती. काष्टा घातलेली, डोक्यावर पोतं, पोत्यात काहीतरी मोठं आणि वाकडं. पन्नाशीची असेल.

"हितं इमानाचं सामान कोन घेतं?"

"कसलं सामान, मावशी?"

"तुमीच टाकलेलं."

तिने पोतं खाली उतरवलं आणि तोंड उघडलं. आतून ते पांढरं टोपण निघालं. एका बाजूला चेमटलेलं, आणि पुढच्या टोकावर हळदीकुंकू.

मृणाल बघतच राहिली.

"हे कुठं मिळालं?"

"मिळालं? आगं बया, मिळालं न्हाई. आलं. म्या कांद्याच्या रानात खुरपत हुते. वरनं आसं वाजत आलं, भ्यां भ्यां करत, आन् हितनं त्या डब्यापतुर," तिने भिंतीजवळच्या तेलाच्या पिंपाकडे हात केला, "एवढ्यावर पडलं. माती माज्या तोंडात गेली."

पिंप दहा पावलांवर होतं.

"मग हळदीकुंकू?"

"त्ये गावातल्या पोरांचं काम. दोन दिस देवळाम्होरं ठेवलं हुतं. कुनी नारळ फोडला. म्या म्हनलं, आरं मुडद्यांनो, ज्यानं माजं डोस्कं फोडलं असतं त्येला कुकू लावताय व्हय?"

चाचा उठून उभे राहिले. बाईसाठी स्टूल पुढे सरकवलं.

"नाव काय, बाई?"

"तानुबाई कोकरे. बसाय न्हाई आले. इचाराय आले."

"विचारा."

"म्या उद्या रानात जाऊ का नको? एवढंच सांगा."

मागच्या दाराने कॅप्टन मिरीकर आले. शाळेचे प्रमुख. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. जमिनीवर असतानाही काळा चष्मा. त्यांनी टोपण पाहिलं, बाई पाहिली, आणि चेहऱ्यावर ते हसू आणलं जे विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी राखून ठेवलेलं असे.

"अरे वा! आणलंत? फार छान केलंत, ताई. घाबरण्यासारखं काही नाही हं. हे नुसतं शोभेचं असतं. हे नसलं तरी विमान मजेत उडतं."

"इमान उडतंय हो. माजं काय?"

"अहो, असं लाखात एकदा होतं."

"लाखात येक म्हंजी?"

"म्हणजे… जवळजवळ नाहीच."

"त्यो येक म्याच हुते की, सायेब."

कॅप्टनचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

मृणाल तोवर टोपणापाशी गुडघ्यावर बसली होती. बोल्टांची चार भोकं. एक फाटलेलं, फायबर चिंध्या होऊन लोंबत होतं. बाकीची तीन गोल. स्वच्छ. जशी कारखान्यातून आली तशी.

"सर," ती न वळता म्हणाली, "पक्ष्याच्या चोचीत पाना होता का?"

"काय?"

"पक्षी धडकला असता तर चारही भोकं फाटली असती. तीन बोल्ट आधीच निघून गेले होते. एक ढिला असला की हादऱ्याने शेजारचेही सुटतात. चौथ्याने एकट्याने जमेल तोवर धरलं, मग फाटलं."

तानुबाई वाकून बघू लागली. कॅप्टनने चष्मा काढला.

मृणालला मनातून बरं वाटत होतं. म्हाताऱ्यांना कोपऱ्यात पकडलं की तिला नेहमीच बरं वाटे. आता ती उठून चाचांकडे बोट दाखवणार होती, तुमची तपासणी म्हणून. तेवढ्यात चाचांनी खिशातला रुमाल काढला, चहाच्या शेजारच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि तिच्यापुढे धरला.

"कुंकू पूस."

"कशाला?"

"पूस…"

तिने पुसलं. हळद गेली, कुंकू गेलं. भोकांपाशी मात्र लाल तसंच राहिलं. लाख होती ती. खालची अर्धी रेघ. तिनेच ओढलेली. सरळ, पातळ, सुंदर.

आणि दुसऱ्या भोकापाशी तिच्या शेजारी आणखी एक.

फिकी. पुसलेली, पण पांढऱ्या रंगात मुरलेली. जुन्या रेघेचा डाग. दोन्ही एकाच भोकाच्या काठावर, पण एकमेकींपासून नखभर दूर.

मृणाल त्या दोन रेघांकडे बघत राहिली.

जुनी रेघ चार महिन्यांपूर्वीची. बोल्ट तिने आवळले होते, रेघा चाचांनी ओढल्या होत्या. नवी रेघ बारा दिवसांपूर्वीची.

बारा दिवसांपूर्वी तपासणीला वरून साहेब यायचे होते.

साहेब येणार म्हटल्यावर या माळावर जे जे डोळ्याला दिसतं ते रंगवलं जाई. धावपट्टीच्या कडेचे दगड गेरू-चुन्याने. आगीच्या बादल्या लाल. कुंपणाचे खांब, झाडांचे बुंधे, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरचं 'पिण्याचे पाणी'. कॅप्टन फेरी मारत म्हणाले होते, "त्या बोल्टांवरच्या रेघा किती मळकट दिसताहेत. ताज्या करून घ्या." आणि चाचांनी, काही न बोलता, थिनरचा डबा, फडकं आणि लाखेची बाटली मृणालच्या हातात दिली होती.

चार विमानं. दोन दिवस ती पुसत होती आणि ओढत होती. साहेबांनी वाखाणलं होतं. किती नीट काम आहे, म्हणाले होते.

आणि दोन नंबरच्या विमानाच्या उजव्या चाकापाशी एक रेघ वाकडी होती. तिला आठवलं. लख्ख आठवलं. वरचा भाग एकीकडे, खालचा एकीकडे. ती एकटीच हसली होती. चाचांचा हात थरथरतो, हे हँगरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. चहासुद्धा बशीत सांडायचा. म्हाताऱ्याला आता सरळ रेघही ओढता येत नाही, असं मनात म्हणत तिने ती पुसली होती.

आणि तिथे आपली रेघ ओढली होती. सरळ.

"चाचा…"

"हं."

"ती मोडलेली होती."

"कुठली?"

"इथली. मला वाटलं तुमचा हात…"

चाचांनी आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. तो थरथरत होता. वाऱ्यावरच्या पानासारखा वगैरे नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखा.

"थरथरत्या हाताची रेघ नागमोडी होते, पोरी. मोडत नाही."

ती उठली.

"आणि तुम्ही? मला शिकवलंत, रेघ पुसायची तर आधी पाना लावायचा. पहिल्या आठवड्यात शिकवलंत. मग साहेब येणार म्हणून तुम्हीच कसा माझ्या हातात थिनरचा डबा दिलात?"

"दिला."

"का?"

"कॅप्टनसाहेब म्हणाले."

"नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं?"

चाचांनी खरोखर विचार केला.

"ओरडले असते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग?"

"…सवय."

"सवय!" ती ओरडली. तानुबाई दचकून बाजूला झाली. "तुम्हा लोकांचं सगळं आयुष्य या एका शब्दावर निघालं. कॉलेजात तेच, घरी तेच, इथे तेच. साहेब आला की दगड रंगवा. माझ्या वडिलांचं तेच, तुमचं तेच. आणि वर आम्ही पाया पडायचं, कारण तुमचे केस पांढरे. कसला अनुभव हो तुमचा? ओरडतील म्हणून घाबरण्याचा?"

"मृणाल," कॅप्टन म्हणाले, "वयाचा मान ठेव."

"तुमच्याकडेही येणारच आहे मी, सर."

चाचांनी हात वर केला. कॅप्टनला थांबवायला.

"बोलू द्या. खरं आहे ते… दरवर्षी साहेब आले. विमान कधी पडलं नाही. मला वाटायला लागलं, दोन्ही आपोआप होतं."

मृणालला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. नाही आली.

पण रागाला आता एकटं चाचांकडे जाता येईना. रेघ तिची होती. हसली ती होती.

आणि मग तिला बाकीचं सुचलं.

"चाचा… चारही विमानं."

"हं."

"मी सगळीकडेच ओढल्यात. इंजिनाच्या बोल्टांवर. शेपटीच्या. ब्रेकच्या. त्यातली कुठली मोडलेली होती…"

"आठवतं?"

"नाही. मी बघितलंच नाही. मी फक्त पुसत होते."

बाहेर तीन नंबरचं विमान उन्हात उभं होतं. त्याच्या प्रत्येक बोल्टवर एक ताजी, सरळ, लालभडक रेघ होती. सगळं ठीक आहे असं सांगणारी.

चाचा कपाटाकडे गेले. थिनरचा डबा काढला, फडकं घेतलं आणि उन्हात चालू लागले. तीन नंबरच्या शेपटीपाशी पोहोचल्यावर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, हळूहळू खाली बसले, आणि पहिल्या बोल्टवरची रेघ पुसून टाकली.

मग दुसरी.

"चाचा!" कॅप्टन धावत गेले. मृणाल मागोमाग, आणि तिच्या मागे पोतं सावरत तानुबाई. "काय चालवलंय? उद्या सातला हे उडणार आहे."

"नाही उडणार. रेघ नाही त्यावर."

"मग ओढा!"

"कशावर ओढू, साहेब…?"

तिसरी गेली.

"अहो, बोल्ट घट्टच असतील. नव्याण्णव टक्के घट्टच असतील."

"असतील."

"सगळे उघडून तपासायला आठवडा जाईल."

"दहा दिवस."

कॅप्टनने आवाज खाली आणला. ओरडण्यापेक्षा तो आवाज वाईट होता. ते मृणालकडे वळले.

"तू तरी डोकं वापर. सहा महिन्यांनी तुझी लायसन्सची परीक्षा आहे. दोन वर्षांच्या तुझ्या कामाच्या वहीत प्रत्येक पानावर या माणसाची सही आहे. हा माणूस उद्या लिहून देईल की माझ्या हाताखाली मोडलेल्या रेघा रंगवल्या गेल्या… मग त्या सहीची किंमत काय राहील? आणि वहीची? तुला कोण उभं करेल मग? कॉलेज तर तू आधीच सोडलंयस. तो कागद आहे तसा राहू दे. एक सही कर, घरी जा."

ते खोटं बोलत नव्हते. हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

मृणालने चाचांकडे पाहिलं. चाचा चौथा बोल्ट पुसत होते. तिच्याकडे बघत नव्हते. एक शब्द बोलले असते तर ती चिडली असती, आणि चिडली असती तर सोपं झालं असतं.

ती हँगरमध्ये गेली. टेबलावरचा कागद उचलला. पक्षी धडकल्याने, यावर काट मारली. सुरक्षिततेस बाधा नाही, यावर काट मारली. इतर तिन्ही विमाने उड्डाणास योग्य, यावर दोनदा मारली, कागद फाटेपर्यंत. उरलेल्या जागेत लिहिलं, बोल्ट फिरला होता. रेघ मोडलेली होती. मला ती वाकडी वाटली. मी पाना न लावता पुसून नवी ओढली. चारही विमानांवर असंच केलं आहे.

'वाटली' हा शब्द लिहिताना पेन जरा अडकलं.

सही केली. बाहेर येऊन कागद चाचांच्या गुडघ्यावर ठेवला.

"आता तुमचं. सगळं लिहा. सवयसुद्धा."

चाचांनी फडकं खाली ठेवलं, पँटला हात पुसले. लिहायला त्यांना वेळ लागला. अक्षर नागमोडी होत गेलं. पाना न देता, रेघा पुसायला मी थिनरचा डबा दिला. मला नियम माहीत होता. सवयीने दिला. इलाही मुजावर.

मृणालने वाचलं.

"कॅप्टनने सांगितलं, हे नाही लिहिलंत."

"त्यांचं ते लिहितील."

"नाही लिहिणार."

"मग तेवढी जागा मोकळी राहील…"

त्यांनी कागद आणि पेन कॅप्टनपुढे धरलं. सह्यांच्या खाली खरंच जागा होती. दोन बोटं असेल.

कॅप्टनने ती जागा पाहिली. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हा कागद कुठेही जाणार नाही. उद्या मी दुसरा तपासनीस बोलावतो."

"बोलवा," चाचा म्हणाले. "डबा इथंच ठेवतो. त्यांनाही लागेल."

कॅप्टन गेले. जाताना त्यांचे बूट गेरूच्या दगडांमधून वाजत गेले.

मृणालने दुसरं फडकं घेतलं आणि इंजिनाच्या बाजूने सुरुवात केली. आपल्याच रेघा पुसायला विचित्र वाटत होतं. त्या फारच छान आल्या होत्या. खालून प्रत्येक वेळी नुसता बोल्ट निघत होता. काळा, मुका. घट्ट की ढिला, काही सांगत नव्हता.

"आन् माजं?"

तानुबाई तिथेच उभी होती. पोत्याची घडी करून तिने काखेत मारली होती.

"येवडं समदं झालं. कागद झाला, भांडान झालं. माज्या इचारन्याचं काय? म्या रानात जाऊ का नको?"

"जा, मावशी," मृणाल म्हणाली. "उद्या एकही विमान उडणार नाही."

"आन् परवा?"

"परवाही नाही."

"आन् दहा दिसानं? कांदा काय दहा दिसात घरात येतोय व्हय? अजून दोनदा खुरपाय लागंल."

"दहा दिवसांनी उडतील. पण प्रत्येक बोल्ट तपासून. एकेक. मी शब्द देते."

"कोन तपासनार?"

"आम्हीच."

"आमीच म्हंजी तू?"

"मी. आणि हे चाचा."

तानुबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच समजून घेत होती.

"म्हंजी, ज्यांनी पुसलं… त्येच."

मृणालचा हात थांबला.

तिच्याकडे उत्तरं होती. नियम होते, पाने होते, दोन सह्यांचा कागद होता. आता आम्ही शहाणे झालो, असंही म्हणता आलं असतं. एकेक करून तिने सगळी मनात धरून पाहिली, आणि एकही त्या बाईपुढे ठेवण्यासारखं निघालं नाही.

तिने चाचांकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच, भांडायला म्हणून नाही.

चाचा विमानाच्या शेपटीला धरून उठत होते. उठायला वेळ लागला. उभे राहिले, पाठ सरळ केली, माळापलीकडच्या हिरव्या रानाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"बाई…" ते म्हणाले, "पहिलं विमान उडेल त्या दिवशी तुमच्याकडं आमच्यासाठी जास्तीची दोन खुरपी असतील का?"